माणसं जास्त, म्हणून लक्ष जास्त?

तुम्हाला नणंदेचं ७ महिन्यांचं बाळ आठ दिवस सांभाळायचंय, आणि त्यावर ‘घरात माणसं भरपूर आहेत, मग काळजी कसली’ असं वर बऱ्याच जणांनी म्हटलंय. माझा अनुभव नेमका उलटा. भावाची मुलगी आमच्याकडे होती तेव्हा घरात सहा मोठी माणसं, आणि प्रत्येकाला वाटायचं ती दुसऱ्याकडे आहे! एकदा पलंगाच्या अगदी कडेला सापडली. त्यानंतर नियमच केला: बाळ दुसऱ्याकडे देताना ‘आता तुझ्याकडे हं’ असं तोंडाने म्हणायचं. शिवाय फ्रिजवर कागद लावला, दूध किती वाजता, किती प्यायली, औषध दिलं का. नाहीतर आजी आणि काका दोघंही तेच थेंब पाजून मोकळे.

आईचं काढलेलं दूध फ्रिजमध्ये ४ दिवस चालतं, फार उकाडा नसेल तर बाहेर ४ तास. बाटलीत उष्टं राहिलेलं मात्र २ तासांनंतर ओतून द्या, जीव कितीही हळहळला तरी.

झोपवताना पाठीवर, उशी-दुलई नको.

आणि हो, या वयात बाळं नव्या चेहऱ्यांना बिचकतात. आईचा वापरलेला, न धुतलेला टीशर्ट मागून घ्या. तुमच्या खांद्यावर टाकायला, म्हणजे बाळाला आईचा वास येईल; पाळण्यात ठेवायला नव्हे.