मुलीचा जोडदात: कापायचा, ठेवायचा की काढायचा? मदत हवी आहे

ऋतुजा_ठाणे: मुलीचे पुढचे दोन दात चिकटून एकच रुंद दात झालाय. मधल्या खाचेत कीड लागलीये, थंड लागलं की कळ जाते. एक डॉक्टर म्हणतात रूट कॅनाल करून मधोमध कापू, मग तारा लावू. दुसरे म्हणतात काढूनच टाका. शनिवारपर्यंत कळवायचंय. कोणी केलंय का? प्लीज लवकर सांगा.

मंदार७: वय? दुधाचा की कायमचा? वरचा की खालचा?

स्मिता_के: भाचीचा खालचा असाच होता. काही केलं नाही, आपोआप पडला. घाई नका करू.

ऋतुजा_ठाणे: अहो, कायमचा आहे! वरचा, डावीकडचा. अकरा पूर्ण.

केदार_नाशिक: काढा आणि इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवा. माझं मस्त चाललंय.

दंतमित्र: केदार, अकराव्या वर्षी इम्प्लांट? जबडा वाढायचा थांबल्याशिवाय बसवत नाहीत. शेजारचे दात खाली सरकतात, इम्प्लांट तिथेच राहतं. ऋतुजाताई, कळ लगेच थांबते की रेंगाळते? लगेच थांबत असेल तर नुसतं सिमेंट भरूनही भागू शकतं. आणि जोडदात एक धरून वरचे पुढचे दात किती भरतात?

केदार_नाशिक: मग मोठी झाल्यावर बसवा. काढायचं तर आहेच ना.

दंतमित्र: कशावरून? मुळं आणि नसेच्या पोकळ्या वेगळ्या असतील तर कापून एक भाग वाचवता येतो. आतून एकच असतील तर न कापता रूट कॅनाल, खाच बुजवून कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या भरणाने) आकार. हे सीबीसीटीत (दातांच्या थ्री-डी स्कॅनमध्ये) नीट दिसतं, साध्या एक्स-रेत एकावर एक सावल्या पडतात.

प्राची_पुणे: तारा मेटलच्याच घ्या, सिरॅमिकच्या रबरांना हळदीचे डाग पडतात.

स्मिता_के: तोवर लवंगेचं तेल लावा.

दंतमित्र: नको, हिरडी भाजते.

ऋतुजा_ठाणे: कळ बराच वेळ राहते. चारऐवजी तीनच भरतात. सीबीसीटी कोणीच सांगितला नाही.

दंतमित्र: एक कमी भरतो म्हणजे बहुधा शेजारचे दोन दातच जुळलेत, आणि रूट कॅनाल लागेलसं दिसतंय. कापायला होकार देण्याआधी सीबीसीटी मागा. एक भाग काढला तर फट उरेल, ती तारांनी बंद करायची की पुढे दात बसवायला राखायची हे तारावाल्या डॉक्टरांनी आधीच ठरवायला हवं. खाच हिरडीखाली गेली असेल तर हिरडीवालेही लागतील.

मंदार७: मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात रूट कॅनाल, तारा आणि हिरड्या असे तिन्ही विभाग आहेत. ठाण्याहून सकाळी लवकर निघा, केसपेपरला रांग असते.

ऋतुजा_ठाणे: परवा जाते. जुना एक्स-रे सोबत नेऊ ना?