अनुभव धागा : अक्कलदाढ काढल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आपण काय खाल्ले?

गेल्या महिन्यात माझी खालची उजवी अक्कलदाढ काढावी लागली. ती हाडात आडवी रुतलेली असल्याने हिरडी उघडून, दाढेचे दोन तुकडे करून काढली गेली आणि तीन टाके पडले. निघताना हाती मिळालेल्या कागदावर आहाराविषयी एकच ओळ होती : पहिल्या दिवशी थंड आणि नंतर आठवडाभर मऊ खावे. सूचना अगदी योग्य होती. पण बेळगावातल्या आमच्या वडगावच्या घरी आल्यावर 'मऊ' म्हणजे नेमके काय, याचा उलगडा कोणालाच होईना. सासूबाईंच्या मते उप्पीट मऊ, धाकट्या जावेच्या मते इडली मऊ, तर चिक्कोडीहून माझ्या आक्काचा फोन आला की जोंधळ्याच्या कण्या ताकात कालवून घे, त्याहून मऊ जगात काही नाही.

पहिले दोन दिवस मी दूध, ताक आणि शहाळ्याच्या पाण्यावर काढले. तिसऱ्या दिवशी भूक अनावर झाली, तेव्हा सासूबाईंनी दुप्पट पाणी घालून केलेले उप्पीट वाटीभर खाल्ले. जिभेला ते लोण्यासारखे लागले, परंतु तासाभरात दाढेच्या जागी काहीतरी टोचू लागले. आरशासमोर उभे राहून, मोबाइलचा उजेड पाडून पाहिले, तेव्हा मधल्या टाक्याच्या दोऱ्याखाली रव्याचे चार-पाच कण पांढऱ्या मण्यांसारखे ओळीने अडकलेले दिसले. काडी किंवा बोट लावायचे नाही, जोरात चूळ भरायची नाही, अशी ताकीद होती. म्हणून कोमट मिठाचे पाणी तोंडात घ्यायचे, मान हळूच उजवीकडे-डावीकडे कलंडवायची आणि पाणी तोंडातून आपोआप बेसिनमध्ये पडू द्यायचे, असे रात्री अकरापर्यंत चालले होते. त्या रात्री माझ्या लक्षात आले की पदार्थ मऊ असणे पुरेसे नाही, तो बिनकणाचा असावा लागतो.

त्यानंतर पाचव्या दिवसापर्यंत मला सर्वांत जास्त आधार दिला तो नाचणीच्या आंबिलीने. दोन चमचे नाचणीचे पीठ रात्री अर्धी वाटी ताकात भिजवायचे, सकाळी दीड पेला पाण्याला उकळी आणून त्यात ते ओतायचे आणि गुठळी होऊ न देता पाच-सात मिनिटे शिजवायचे. पूर्ण निवल्यावर वरून आणखी ताक आणि मीठ. एरवी आपण त्यात लसूण, जिरे आणि हिरवी मिरची ठेचून घालतो. ते सगळे वगळायचे आणि पीठ कापडातून चाळलेले घ्यायचे, कारण नाचणीचा कोंडाही टाक्यात बसतो. जबडा आखडल्याने माझे तोंड जेमतेम एक बोट उघडत होते, त्यामुळे मोठा चमचा आत जाईना. लहान मुलाला औषध पाजायच्या चपट्या चमच्याने, डाव्या गालाच्या बाजूने, एक वाटी आंबील संपवायला मला पंचवीस मिनिटे लागत.

हा धागा काढण्याचे कारण असे की, दाढ काढल्यानंतरच्या आहाराच्या ज्या याद्या आपल्यापर्यंत पोहोचतात, त्यांत आपल्या घरातले पदार्थ फारसे नसतात. सीमाभागातल्या आपल्या स्वयंपाकघरांत आंबील आहे, पेज आहे, कढण आहे, हुग्गी आहे. त्यांतले कोणते कोणत्या दिवशी चालले आणि कोणते महागात पडले, हे ज्यांनी सोसले आहे त्यांनीच सांगावे. कोणती दाढ, कितवा दिवस आणि काय खाल्ले, एवढे अवश्य लिहावे ही विनंती.

खानापूर तालुका, जांबोटीजवळ

माझ्या मुलाची दाढ ऐन जुलैमध्ये काढली. आमच्याकडे त्या दिवसांत पाऊस कोसळत असतो आणि वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही, त्यामुळे 'सगळे मिक्सरमधून काढून द्या' हा सल्ला आमच्या काही उपयोगाचा नव्हता. मग माझ्या आईने तिच्या पद्धतीने केले. जुन्या तांदळाची पेज भरपूर पाण्यात शीत फुटेपर्यंत शिजवली आणि पहिल्या दिवशी फक्त वरचे निवळ, मीठ आणि थेंबभर तूप घालून, पूर्ण गार करून दिले. दुसऱ्या दिवसापासून तीच पेज पुरणाच्या चाळणीतून घासून काढली. तिसऱ्या दिवशी मूगडाळ आणि तांदूळ एकत्र शिजवून, हिंग-हळद घालून तेही चाळणीतून काढले; आमच्याकडे लहान बाळाला पहिल्यांदा देतात ते हे खिमट. एकवीस वर्षांच्या मुलाला खिमट भरवताना आईच्या डोळ्यांत पाणी आले, तो इतका लहान असताना तिनेच त्याला भरवले होते.

एक चूकही सांगते. चौथ्या दिवशी त्याला बरे वाटले म्हणून कुळथाची पिठी केली आणि सवयीने फोडणीत लाल तिखट व कोकम पडले. पहिल्याच घासाला जखमेला अशी आग लागली की तो उठून अंगणात गेला. कुळथाची पिठी गुळगुळीत असते, पोटाला आधार देते, त्यामुळे ती अवश्य करावी, पण बिनतिखटाची आणि बिनआंबटाची.

निपाणी

हे मी माझ्या आईविषयी लिहीत आहे. तिने तीस वर्षे विड्या वळल्या आणि आमच्या गल्लीतल्या बहुतेक बायकांप्रमाणे तिलाही सकाळ-संध्याकाळ मिश्री लावण्याची सवय होती. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो की मिश्री म्हणजे तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड. दाढ काढल्यावर डॉक्टरांनी तंबाखू कोणत्याही रूपात नको, असे तीनदा बजावले होते. आईचे म्हणणे असे की मी तंबाखू खात नाही, ओढत नाही, दात घासते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने आम्हा कोणाला न सांगता समोरच्या दातांना मिश्री लावली आणि चूळ भरली.

चौथ्या दिवशी पहाटे तिला जी कळ सुरू झाली, ती दाढेपासून कानापर्यंत जात होती आणि वेदनाशामक गोळीलाही दाद देत नव्हती. तोंडाला वास येत होता. तपासल्यावर समजले की जखमेत धरलेली रक्ताची गाठ निघून गेली होती आणि हाड उघडे पडले होते. याला ड्राय सॉकेट म्हणतात. डॉक्टरांनी जखम धुऊन आत लवंगेच्या तेलाच्या वासाची औषधी पट्टी भरली, तेव्हा तासाभरात ती पहिल्यांदा शांत झोपली. ती पट्टी पुढे दोनदा बदलावी लागली.

आहाराचा प्रश्न विचारला आहे, तर त्या दिवसांत तिने फक्त गार दूध-साय आणि मऊ गुरगुट्या भात पातळ ताकात कुस्करून घेतला. पण माझी कळकळीची विनंती अशी की, निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर या पट्ट्यात काय खावे हे सांगताना मिश्री लावू नये हे वेगळे, मिश्री हा शब्द उच्चारून सांगावे. नुसते 'तंबाखू नको' म्हटले की आपल्या आया-मावश्यांना ते आपल्यासाठी आहे असे वाटतच नाही.

बेळगाव, महाविद्यालयीन विद्यार्थी

वरची डावी दाढ होती, सरळ निघाली, टाका पडला नाही. दुसऱ्या दिवशी मेसमधली इडली सांबारात न बुडवता दुधात पूर्ण विरघळवून खाल्ली आणि काही त्रास झाला नाही. वरच्या दाढेचा त्रास खालच्या दाढेपेक्षा बराच कमी असतो, असे माझ्या दोन्ही खोलीमित्रांचेही म्हणणे आहे. भडंग मात्र तिसऱ्या आठवड्यापर्यंत खाल्ले नाही. चुरमुऱ्याचे टरफल थेट खड्ड्यात जाते.

चिक्कोडी, निवृत्त शिक्षक

मला सोळा वर्षांपासून मधुमेह आहे. दाढ काढली त्या दिवशी सकाळी मी नेहमीची गोळी घेतली, आणि नंतर खायला धजावलो नाही. रक्त येईल या भीतीने दिवसभरात दोन कप गार चहा, तोही बिनसाखरेचा, एवढेच पोटात गेले. संध्याकाळी सहाच्या सुमारास हातापायांना कंप सुटला, बनियन घामाने भिजला आणि पत्नी काय विचारते आहे ते मला उमगेना. मुलाने यंत्रावर साखर तपासली तर 62 भरली. 70 च्या खाली गेली की ती धोक्याची समजतात. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून मला पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, तेव्हा ती वर आली होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही घड्याळ लावून दर अडीच तासांनी खाणे ठेवले. मुगाचे कढण गाळून आणि कोमट करून, दही घुसळून, पातळ आंबील, आणि तिसऱ्या दिवसापासून अर्धे कच्चे उकडलेले अंडे चमच्याने मोडून. लोक भेटायला येताना आपुलकीने कुंदा आणि आंब्याचा रस आणत होते, त्याला हात लावला नाही. ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी दाढ काढण्याच्या आदल्या दिवशीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे की खाणे कमी होणार असेल तर औषधाची मात्रा काय असावी.

बेळगुंदी परिसर

आमच्या शेतात राताळी असतात, त्यामुळे मी तोच प्रयोग केला. राताळे उकडून, साल काढून, दुधात कुस्करून खाल्ले. पोट चांगले भरते आणि गोळ्या उपाशीपोटी जात नाहीत. फक्त कुस्करताना त्यातल्या शिरा बोटांनी काढून टाकाव्यात, कारण धागा एकदा टाक्याला गुंडाळला की निघत नाही. आईला शंका होती की कंदमूळ वातूळ असते, त्याने जखमेत पू धरेल. मला तसे काहीही झाले नाही.

शहापूर, गृहिणी

आमच्या घरीही अशाच शंकेपोटी दही, भात आणि आइस्क्रीम यांना बंदी होती. माझ्या मुलीला डॉक्टरांनी आइस्क्रीम सांगितले आणि आत्याबाईंनी दारातूनच ते परत पाठवले, सर्दी होऊन जखम चिघळेल म्हणून. शेवटी डॉक्टरांशी फोनवर त्यांचेच बोलणे करून दिले, तेव्हा त्यांनी स्वतः उठून वाटीत काढून दिले. साधे, बिनबदामाचे, बिनकोनाचे, आणि चमच्याने. मुलीला कॉफी शॉपमधला दाट शेक हवा होता, पण नळीने ओढायचे नसल्याने तो दिला नाही.

कुंदा गार आणि मऊ असतो म्हणून विचारात होतो, मात्र तो रवाळ असतो. तो आम्ही दुधात पूर्ण विरघळवून, गाळून दिला. त्या दिवसांत तिला जिवाणूनाशक गोळ्यांमुळे सगळेच पदार्थ तांब्याच्या भांड्यातल्या शिळ्या पाण्यासारखे लागत होते, फक्त तेवढे दूध तिने मागून घेतले. गोकाकचे करदंट डब्यात होते, ते मी महिनाभर माळ्यावर ठेवले. त्यातला डिंक आणि सुकामेवा बऱ्या दातांचीही परीक्षा पाहतो.

दंतवैद्य, बेळगाव जिल्हा

वरचे सर्व अनुभव वाचले. रव्याच्या कणांचे निरीक्षण फार मोलाचे आहे. मी यापुढे रुग्णांना 'मऊ' याऐवजी 'मऊ आणि बिनकणाचे' असेच सांगणार आहे. काही गोष्टींची भर घालते.

खालच्या दाढेसाठी दिलेल्या भुलीने ओठ आणि जीभ तीन-चार तास बधिर राहतात. त्या वेळात गरम चहा घेऊन ओठ भाजलेले आणि नकळत गाल चावून घेतलेले रुग्ण मी दर महिन्याला पाहते, म्हणून बधिरपणा जाईपर्यंत चावायचे काही खाऊ नये. पहिले चोवीस तास चूळ भरू नये, थुंकू नये, नळीने ओढू नये. या तिन्हींमुळे तोंडात जो ताण तयार होतो, तो जखमेतली रक्ताची गाठ उपटतो, आणि ती गाठ हेच त्या हाडाचे पांघरूण असते. चोवीस तासांनंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, प्रत्येक खाण्यानंतर, धाग्याच्या सुरुवातीला वर्णन केले आहे तसेच पाणी नुसते फिरवावे. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते, ती पाहून खाणे बंद करू नये. टाके विरघळणारे नसतील तर साधारण सातव्या दिवशी काढतात. जखमेवरची हिरडी भरून यायला तीन-चार आठवडे जातात, तोवर तीळ, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि कडक भाकरीचा पापुद्रा दुसऱ्या बाजूनेच चावावा.

मेट्रोनिडाझोल ही गोळी चालू असेल तर तोंडाला धातूसारखी चव येते, ती गोळ्या संपल्यावर जाते. त्या काळात मद्य पूर्ण वर्ज्य. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नये. तिसऱ्या दिवसानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, ताप आला किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी दाखवावे.

धागा काढणारी, वडगाव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जांबोटीच्या ताईंना एक विचारायचे आहे : पुरणाच्या चाळणीतून काढलेले खिमट गार झाल्यावर घट्ट होते का, आणि होत असेल तर ते सैल करायला आपण पेजेचे निवळ घातले की दूध? पुढच्या सोमवारी माझ्या जावेची दाढ काढायची आहे आणि आमची चाळण मी आजच घासून ठेवली आहे.