विद्यापीठाच्या आवारात वार्तांकन करणाऱ्या विद्यार्थ्याला वेगळं संरक्षण हवं का?

शाईपेन
५ जून २०२४ च्या पहाटे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आंदोलक विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयात घुसून आतून दारं लावून घेतली. 'स्टॅनफर्ड डेली' या विद्यार्थी वृत्तपत्राचा एक बातमीदार वार्तांकनासाठी आत होता. पोलिसांनी आंदोलकांबरोबर त्यालाही अटक केली आणि विद्यापीठानं त्याच्यावरच्या फौजदारी कारवाईला पाठिंबा दिला. शेवटी २०२५ मध्ये सरकारी वकिलांनी त्याच्यावर आरोप न ठेवण्याचं ठरवलं.

बाहेरच्या वार्ताहराला विद्यापीठ फार तर फाटकाबाहेर काढेल. विद्यार्थी बातमीदाराची मात्र वसतिगृहातली खोली, परीक्षा, पदवी, सगळंच विद्यापीठाच्या हातात असतं. ज्यांच्याबद्दल बातमी, शिस्तपालन समितीही त्यांचीच. त्यामुळे मला पोलिसांपेक्षा या समितीची भीती जास्त वाटते. 'वार्तांकनासाठी घटनास्थळी हजर होता' एवढ्याच कारणावरून शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, असा लेखी नियम प्रत्येक विद्यापीठात हवा.

नियमपालक
साफ असहमत. जबरदस्तीनं आत घुसलेल्यांच्या मागोमाग जाणं ही घुसखोरीच, मग हातात वही असो की झेंडा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७४ च्या पेल विरुद्ध प्रोक्युनियर खटल्यात सांगितलंय की जिथे सामान्य नागरिकाला प्रवेश नाही, तिथे पत्रकारालाही घटनेनं खास प्रवेश दिलेला नाही. शिवाय स्टॅनफर्ड खासगी आहे. भाषण आणि वृत्तपत्र स्वातंत्र्याची हमी देणारी अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खासगी संस्थेला नाही. आणि पत्रकार कोण हे ठरवायचं कुणी? उद्या प्रत्येक आंदोलक गळ्यात ओळखपत्र अडकवून येईल.

शाईपेन
त्याला उपाय आहे. घटनेच्या आधीपासून ज्यांची नावं संपादकीय यादीत आहेत, ते बातमीदार. यादी संपादकांनी करायची, प्रशासनानं नाही.

आणि विद्यार्थी आत नसतील तर बातमी देणार कोण? ३० एप्रिल २०२४ च्या रात्री पोलीस कोलंबिया विद्यापीठात आंदोलकांनी ताबा घेतलेल्या हॅमिल्टन हॉलमध्ये शिरले, तेव्हा आवार बाहेरच्या माध्यमांना बंद होतं. विद्यार्थी चालवत असलेलं डब्ल्यूकेसीआर हे रेडिओ केंद्र थेट प्रक्षेपण करत होतं. ऐकणारे इतके वाढले की त्यांची वेबसाइट कोलमडली. त्याच वेळी पुलित्झर हॉल या तिथल्या पत्रकारिता विभागाच्या इमारतीतल्या विद्यार्थी पत्रकारांना बाहेर पडलात तर अटक होईल, असं बजावलं जात होतं. दोनच दिवसांनी पत्रकारितेतले मानाचे पुरस्कार देणाऱ्या पुलित्झर मंडळानं विद्यार्थी पत्रकारांच्या कामाची जाहीर दखल घेतली. अटकेची धमकीही त्यांनाच आणि शाबासकीही त्यांनाच!

आडवाट
प्रशासन एवढा एकच पक्ष नाही हो. वर्गात शेजारी बसणारा मुलगा बातमीदार असतो, त्यानं काढलेला फोटो कायमचा नेटवर राहतो आणि त्रास फोटोतल्या मुलीला होतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्याच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हेच झालं. अमेरिकेचे माजी ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांच्या भाषणाविरुद्ध निदर्शनं झाली, 'डेली नॉर्थवेस्टर्न' या विद्यार्थी वृत्तपत्राच्या बातमीदारांनी फोटो टाकले, विद्यापीठाच्या डिरेक्टरीतून नंबर काढून मुलाखतीसाठी मेसेज केले. मुलं संतापली आणि संपादकांनी जाहीर माफी मागितली. बातमीदाराचे हक्क मान्य, पण सहाध्यायांच्या खासगीपणाचं काय?

उपसंपादक
ती माफीच चुकीची होती, असं मी आजही म्हणेन. उघड्यावर निदर्शनं करायची आणि फोटो नको म्हणायचं, हे कसं चालेल? बोलाल का, असं मेसेज करून विचारणं ही तर सभ्य पद्धत झाली. न विचारता छापलं असतं तर राग समजला असता. चेहरा किती जवळून दाखवायचा, नाव द्यायचं की नाही, यावर संपादकांनी जरूर विचार करावा. पण तो विवेकाचा भाग आहे. त्यावरून वार्तांकनच बंद करता येणार नाही.

नियमपालक
उघड्या मैदानापुरतं मान्य. कागदपत्रांच्या बाबतीतही मी तुमच्याच बाजूनं आहे. अमेरिकेतल्या १९९० च्या क्लेरी कायद्यानुसार ज्या कॉलेजांचं स्वतःचं पोलीस किंवा सुरक्षा खातं आहे, त्यांना गुन्ह्यांची रोजची नोंदवही ठेवावी लागते आणि ती कुणालाही बघता येते. आधी ती नीट वाचा. बंद खोलीत शिरायची गरज नाही.

शाईपेन
नोंदवहीत गुन्ह्याचा प्रकार, तारीख, वेळ, साधारण ठिकाण आणि प्रकरणाची सद्यस्थिती असते. पोलिसांनी काय केलं, कुणाला का अडवलं, ते नसतं. तेच तपशील हार्वर्ड विद्यापीठातल्या 'हार्वर्ड क्रिमसन' या विद्यार्थी वृत्तपत्रानं मागितले होते. हार्वर्डच्या स्वतःच्या पोलिसांना अटक करण्याचे अधिकार आहेत, पण संस्था खासगी असल्यानं त्यांचे अहवाल सार्वजनिक कागदपत्रांच्या कायद्यात बसत नाहीत, असा निकाल मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये दिला. आता सांगा, कागदही मिळणार नाही आणि डोळ्यांनी बघायलाही जायचं नाही, तर विद्यार्थी बातमीदारानं लिहायचं कशावरून?