मेंदूच्या आनुवंशिक रक्तवाहिनी-विकारात ‘ड’ जीवनसत्त्व किती कामाचे?

वेदगंगा (निपाणी):
माझ्या वडिलांना ४८व्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, काकांनाही त्याच सुमारास आला, आणि आता थोरल्या भावाच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात जागोजागी डाग दिसले आहेत. जनुक तपासणीत ‘नॉच-३’ या जनुकाचा दोष, म्हणजेच कॅडासिल हा आजार निघाला. त्याच वेळी रक्तातले ‘ड’ जीवनसत्त्व मिलिलिटरमागे अवघे ९ नॅनोग्रॅम भरले. हे जीवनसत्त्व कमी असलेल्यांच्या मेंदूत असे डाग अधिक आढळतात, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. कॅडासिल बरा करणारे औषध नसताना अशा प्रत्येक घराने हे स्वस्त जीवनसत्त्व भरपूर आणि कायम घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

मलप्रभा (खानापूर):
‘भरपूर’ आणि ‘कायम’ या दोन्ही शब्दांना माझा विरोध आहे. १९९६ मध्ये ओळखल्या गेलेल्या या दोषामुळे नॉच-३ प्रथिनाचा भाग सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचत जातो, तिथल्या स्नायूपेशी झिजतात आणि मेंदूला रक्त अपुरे पडते. जीवनसत्त्वाने हा साका निघत नाही. शिवाय आजारी माणूस घराबाहेर कमी पडतो, म्हणूनही त्याचे ‘ड’ कमी भरते, हे आपण विसरता. अमेरिकेत २५,८७१ जणांच्या चाचणीत रोज २,००० युनिट घेणाऱ्यांचे पक्षाघात कमी झाले नाहीत. आठवड्याला एक घ्यायची ६०,००० युनिटची पुडी रोज घेतली, तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

वेदगंगा:
त्या चाचणीतल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती आणि ती कॅडासिलच्या रुग्णांवरही नव्हती, मग तिचा निकाल माझ्या भावाला कसा लावायचा? आमच्याकडे घरात बसून विड्या वळणाऱ्या बायकांना ऊन लागत नाही. त्यांची कमतरता खरी आहे आणि तिने हाडे दुखतात, हे तरी नाकारू नका.

मार्कंडेय (बेळगाव):
कमतरता भरून काढावीच, परंतु ती हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. विडीचा उल्लेख आपणच केलात म्हणून लिहितो: धूम्रपान करणाऱ्या कॅडासिलच्या रुग्णांना झटका लवकर येतो आणि वाढलेल्या रक्तदाबाने हा आजार बळावतो, तेव्हा घरात आधी ते पाहिले जावे. आणखी एक गैरसमज आपल्या भागात फार आहे, की मामाच्या मुलीशी लग्न केल्याने हे झाले. कॅडासिलला आईकडून किंवा वडिलांकडून आलेली एकच सदोष प्रत पुरते, त्यामुळे प्रत्येक अपत्याला ५० टक्के शक्यता असते. सुनेला दोष देणे हा सरळ अन्याय आहे.

वेदगंगा:
‘भरपूर’ हा शब्द मी मागे घेतो. भावाची कमतरता डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेने भरून काढू आणि त्याचा रक्तदाब घरीच रोज वहीत नोंदवू. मात्र कॅडासिलच्याच रुग्णांवर स्वतंत्र चाचणी व्हायला हवी, या मतावर मी कायम आहे.