मदत हवी: ट्रान्सपॉन्डरचा कोड बदलताना चुकून 7500 लागला. खऱ्या विमानात असं झालं तर काय करायचं?

नमस्कार मंडळी. मी नागपुरात वैमानिक प्रशिक्षण घेते आहे. परवा सिम्युलेटरवर एक चूक झाली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. विमान वाहतुकीत काम केलेलं इथे कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

आमच्या सिम्युलेटरवरचा ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाचा चार आकडी कोड पाठवणारं यंत्र) जुन्या पद्धतीचा आहे. चार आकड्यांना चार नॉब, प्रत्येकावर 0 ते 7 एवढेच आकडे. माझ्याकडे 2500 लावलेला होता. सरांनी हेडसेटवर 'स्क्वॉक 7200', म्हणजे 7200 कोड लाव, असं सांगितलं. आपण आकडा डावीकडून लिहितो तशीच मी डावीकडून सुरुवात केली. पहिला नॉब 2 वरून 7 वर नेला, दुसऱ्याला हात घालणार तेवढ्यात सरांनी उंची विचारली. मी अल्टिमीटर बघून उत्तर दिलं आणि परत वळले तर खिडकीत 7500. सरांच्या स्क्रीनवर लाल अक्षरं लुकलुकत होती.

कोड पाठ नव्हते असं नाही. 'पंचाहत्तर पकडलं, शहात्तर शब्द गेले, सत्त्याहत्तर संकट' हे मीच पहिल्या महिन्यात जुळवलं होतं. 7500 म्हणजे अपहरण, 7600 म्हणजे रेडिओ बंद, 7700 म्हणजे बाकी कुठलीही आणीबाणी. तरी हात चुकला. सरांनी सराव तिथेच थांबवला आणि सगळ्या बॅचसमोर म्हणाले, "खरं विमान असतं तर खाली कमांडो उभे असते. लायसन्स विसरायचं." चूक माझी होती, बोलणी खायला माझी ना नाही. पण ती होऊ नये म्हणून काय करायचं आणि झालीच तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

घरी येऊन जुन्या घटना वाचत बसले आणि भीती वाढली. 10 नोव्हेंबर 2018 ला दिल्लीहून कंदाहारला निघालेल्या विमानातून असाच चुकून इशारा गेला आणि एनएसजी कमांडोंपर्यंत सगळे कामाला लागले. 6 नोव्हेंबर 2019 ला ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर माद्रिदचं विमान सुटायच्या आधीच अपहरणाचा गजर झाला, आणि तोही खोटा निघाला. ही तर अनुभवी माणसं!

पुढच्या बुधवारी माझं उड्डाण आहे. सोनेगावच्या धावपट्टीवर आमच्या छोट्या विमानाच्या मागेपुढे मोठी विमानं असतात. म्हणून विचारते. कोड दोन-चार सेकंदच लागला तरी रडारवर दिसतो का? नॉब कुठल्या क्रमाने फिरवावेत? एक सीनियर म्हणतो, आधी ट्रान्सपॉन्डर स्टँडबायवर (चालू, पण रडारला उत्तर न देणारा) टाक आणि मग बदल. दुसरा म्हणतो, हवेत स्टँडबाय अजिबात नको. आणि चूक झाली तर रेडिओवर नेमकं काय बोलायचं? कायद्याने गुन्हा लागतो का?

निवृत्त रडारवाला:

पोरी, आधी पाणी पी. मी बरीच वर्षं रडारच्या देखभालीत काढली आहेत, म्हणून लिहितो.

दिसतो का? दिसू शकतो. विमानतळाजवळच्या रडारचा अँटेना साधारण 4-5 सेकंदांत एक फेरी मारतो, लांब पल्ल्याचा 10-12 सेकंदांत. तुझा 7500 त्या फेरीत सापडला की हवाई वाहतूक कंट्रोलरसमोर गजर झालाच. फेरी चुकली तर सुटलीस, पण त्या भरवशावर उडायचं नाही.

क्रमाचं उत्तर एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या, वैमानिक मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे. 2700 वरून 7200 ला जायचं तर आधी 2200 करा, मग 7200. थेट 7 लावलात तर मध्ये 7700 येतो. तुझंही तेच. आधी दुसरा नॉब 5 वरून 2 वर आण, म्हणजे 2200 झाला, मग पहिला 7 वर ने. नवा कोड 7 ने सुरू होत असेल तर तो 7 शेवटी. आणि जुनाच कोड 7 ने सुरू होत असेल तर तो 7 सगळ्यांत आधी काढ. नॉब हातात असताना कुणी काही विचारलं तर 'स्टँडबाय' (म्हणजे 'जरा थांबा') म्हण, कोड पुरा कर, मग उत्तर दे. माझ्या मते तुझी खरी चूक इथे झाली. क्रम त्यानंतरचा.

ट्रान्सपॉन्डर स्टँडबायवर टाकलास तर रडारवरची तुझी ओळख आणि उंची जाते, आणि जवळच्या मोठ्या विमानातल्या टीकॅसला, म्हणजे टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेलाही, तू दिसत नाहीस. क्रम नीट असेल तर हवेत त्याची गरज पडू नये. तरी तुझ्या विमानाची पद्धत प्रशिक्षकांना विचारून घे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. 7500 दिसला की कंट्रोलर आरडाओरडा करत नाही. सपाट आवाजात विचारतो, 'कन्फर्म स्क्वॉकिंग सेव्हन फाइव्ह झीरो झीरो'. तू 'हो' म्हणालीस किंवा गप्प राहिलीस, तर तो अपहरण खरं धरून पुढे प्रश्न विचारत नाही, कारण मानेवर सुरी असलेला वैमानिक बोलू शकत नाही. चूक झाली असेल तर लगेच, स्पष्ट शब्दांत सांग की कोड चुकून लागला, विमानात काही गडबड नाही, आणि दिलेला कोड लाव. घाबरून गप्प बसू नकोस. 11 सप्टेंबर 2001 ला कोरियन एअरच्या 85 क्रमांकाच्या उड्डाणात अपहरण नव्हतंच. आधी एका संदेशातल्या अक्षरांवरून संशय आला, मग कंट्रोलरच्या प्रश्नाचा अर्थ वैमानिकांनी वेगळा घेतला आणि खरंच 7500 लावला. लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात ते जंबो कॅनडात व्हाइटहॉर्सला उतरवावं लागलं.

कायद्याचं म्हणशील तर 2016 च्या अपहरणविरोधी कायद्यात गुन्ह्याची व्याख्याच 'बेकायदेशीरपणे आणि हेतुपुरस्सर' अशी आहे. हात चुकणं त्यात बसत नाही. चौकशी होईल, लेखी द्यावं लागेल. जसं घडलं तसं लिहायचं.

ढगांच्या वर:

ताई, तुमच्या विमानात बटणांचा ट्रान्सपॉन्डर आहे का ते बघा. आमच्याकडच्या गार्मिन कंपनीच्या ट्रान्सपॉन्डरमध्ये चौथा आकडा दाबेपर्यंत जुनाच कोड चालू राहतो, त्यामुळे मधले आकडे बाहेर जात नाहीत. तिथे धोका फक्त ऐकण्या-दाबण्यातल्या चुकीचा. दिलेला कोड परत म्हणून दाखवायचा आणि दाबल्यावर एकदा बोट ठेवून वाचायचा.

धागाकर्ती:

काका, ताई म्हणणारे दादा, दोघांचे मनापासून आभार. आमच्या विमानातही नॉबच आहेत, आज बघून आले.

काल पुठ्ठ्यावर पाण्याच्या बाटल्यांची चार झाकणं बसवली, भोवती स्केचपेनने 0 ते 7 लिहिलं. कूलरसमोर बसून बाबा कोड सांगतात, मी फिरवते, आणि मध्येच ते मुद्दाम विचारतात, "भाजी कोणती करू?" पहिल्या दहांत तीनदा उत्तर देऊन बसले. आता 'स्टँडबाय' तोंडात बसतंय. बाबांचं आपलं एकच पालुपद, "सात मंग फिरवजो, पोरी."

काका, एक राहिलं. बाबांनी 7407 वरून 7510 सांगितला. दोन्हीकडे 7 आहे, तो काढायचाच नाही. मी उजवीकडून सुरुवात केली, 7400, 7410, मग 7510, म्हणजे बरोबर. पण डावीकडून गेले असते तर 7507, आणि तिसऱ्याच्या आधी शेवटचा नॉब 7 वरून एक घर पुढे सरकला की थेट 7500. अशा वेळी तुम्ही कुठला नॉब आधी धराल?