तळटिपांत मोडी कागद, गॅझेटियर आणि सुरसन कसं द्यायचं?

खानापूरकर
एम.ए.चा प्रबंध लिहायलोय, विषय बेळगाव भागातली इनामं. तळटिपांत तीन ठिकाणी अडलोय : १८८४ चं गॅझेटियर, मोडी कागद आणि त्यावरचं अरबी सन, म्हणजे सुरसन. शिवाय बेळगाव लिहायचं की बेळगावी?

दप्तरी
गॅझेटियर सोपं आहे : 'गॅझेटियर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी, खंड २१ : बेळगाव (मुंबई : गव्हर्नमेंट सेंट्रल प्रेस, १८८४)', पुढं पान. स्कॅन वापरलंत तर पीडीएफचा आकडा नको, छापील पान द्या. मुखपृष्ठ आणि प्रस्तावनेमुळं दोन्ही जुळत नाहीत.

मोडी कागदाला क्रम असा : कोणी कोणाला लिहिलं, मूळ तिथी, कागद क्रमांक, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) क्रमांक, दप्तरखाना, शहर. रुमाल राहिला तर तो कागद पुन्हा कुणाला सापडायचा नाही. वाचन तुमचंच असेल तर 'लिप्यंतर : प्रबंधकार' लिहा. दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेला कागद स्वतः पाहिल्यासारखा दाखवू नका हो, 'उद्धृत' म्हणून त्या पुस्तकाचं पान द्या.

जंत्रीवाले
मूळ सन आधी, इसवी सन चौकटी कंसात. सुरसन मृगाला बदलतं, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १०००, ११६१. पानिपत जानेवारीतलं, म्हणून ६०० : १७६१. शकात ७८, पण वर्षअखेरच्या माघ-फाल्गुनात ७९. मार्गशीर्ष-पौषात जंत्री (तिथी-तारखांचं कोष्टक) उघडाच, १ जानेवारी तिथंच कुठंतरी येते.

टंकलेखक
'तत्रैव' (म्हणजे 'वरच्याच ग्रंथात') शेवटच्या खर्ड्यापर्यंत वापरू नका. मध्ये एक नवी तळटीप घुसली की ते भलत्याच ग्रंथाकडं बोट दाखवतं, आणि वर्ड काही सांगत नाही. आडनाव, लघुशीर्षक, पान एवढं पुरे. संदर्भ देण्याच्या शिकागो पद्धतीच्या १७ व्या आवृत्तीतही याचीच शिफारस आहे. तळटिपेत नाव आधी, संदर्भसूचीत आडनाव आधी.

बेळगावी हे अधिकृत रूप १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं. ग्रंथाचं शीर्षक आणि प्रकाशनस्थळ छापलंय तसंच ठेवा. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाच्या नावात 'म्हैसूर' आहे, तिथं 'कर्नाटक' करू नका.

खानापूरकर
आभार. एका कागदावर 'खमस' की 'खमसैन' कळेना.

जंत्रीवाले
खमस ५, खमसैन ५०. एककाच्या जागी आहे की दशकाच्या, ते बघा. एकक आधी येतं. आणि शेवट पुन्हा वाचा की : 'मया' १००, 'मयातैन' २००. शेवटचं 'तैन' घाईत सुटलं की इनाम शंभर वर्षं मागं जातं.