मदत हवी आहे : पांढरा फॉस्फरस इतका घातक आणि लाल काडेपेटीवर, असं का?

नमस्कार मंडळी, केमिस्ट्रीवाले कोणी असाल तर प्लीज मदत करा. मी नववी-दहावीच्या शिकवण्या घेते, मुलं विचारतात काही मूलद्रव्यं धोकादायक का असतात, आणि नुसतं हात लावू नका म्हणून भागत नाही. सोडियमचं सांगता येतं, बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, तो द्यायला टपलेला, सोडियम पाण्यात टाकलं की हायड्रोजन आणि उष्णता, म्हणून रॉकेलमध्ये ठेवतात.

गाडी अडते फॉस्फरसपाशी. पांढरा फॉस्फरस पाण्याखाली ठेवावा लागतो, हवेत साधारण ३० अंशालाच पेटतो, आणि पूर्वी काड्यांच्या कारखान्यात त्याच्या वाफांनी कामगारांचे जबडे अक्षरशः सडायचे, वाचून अंगावर काटा येतो, १९०६ च्या बर्न करारात अशा काड्यांवर बंदी घालायचं ठरलं तेव्हा कुठे ते थांबायला लागलं. आणि लाल फॉस्फरस? तो काडेपेटीच्या कडेच्या पट्टीत असतो, आपण रोज त्यावर काडी घासतो! शिवाय आपल्या हाडांत फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचंच संयुग, आहेच.

पांढऱ्यात चार अणू ६० अंशाच्या कोनात दाबून बसवलेले असतात, त्या ताणामुळे तो पटकन पेटतो आणि लालमध्ये लांब साखळ्या असल्याने तो शांत, इथपर्यंत ठीक. पण विषारीपणाही त्या ताणामुळेच का, की पांढरा चरबीत विरघळून शरीरात शिरतो आणि लाल कशातच फारसा विरघळत नाही म्हणून? पंधरा वर्षांच्या पोरांना पटेल असं कोणी सांगेल का? आणि काहीही न पेटवता वर्गात दाखवण्यासारखं काही असेल तर तेही सुचवा.